चौथ्या माणसाची वाट

आमच्या गावात आग लागायचीच असेल तर ती शनिवारी लागावी. शनिवारी इथे फायर ब्रिगेडची माणसं ढिगाने असतात. स्टेशनसमोर सॉसेज भाजत उभी असतात, एकमेकांचे फोटो काढत असतात. मंगळवारी दुपारी लागली तर मग तुमचं नशीब. हे मी रागाने लिहितेय, आणि तो राग लपवायची मला काही गरज वाटत नाही.

गावाचं नाव सांगणार नाही. मला अजून इथेच राहायचंय, आणि या लोकांना माझ्याच दुकानातून औषधं न्यायची आहेत. हॅमिल्टनहून समुद्राकडे निघालात की डोंगर ओलांडून खाली उतरताना लागतं. एक पब, एक कॅफे, एक डेअरी, म्हणजे दूध-पावाचं कोपऱ्यावरचं दुकान, शाळा, आणि माझी फार्मसी. मी नीलांबरी, मूळची ठाण्याची. फार्मसीच्या बरोबर समोर फायर स्टेशन आहे. काउंटरमागे उभी राहिले की त्याचं लाल शटर सरळ डोळ्यांसमोर येतं. सायरन झाला की मला दुकान सोडून जाता येत नाही, फार्मासिस्टशिवाय फार्मसी उघडी ठेवायला कायद्याने बंदी आहे. त्यामुळे मी फक्त बघते. इतकी वर्षं बघतेय.

या स्टेशनात पगारी माणूस एकही नाही. सगळे गावचेच, आपापली कामं सांभाळून येणारे. सायरन झाला की हातातलं टाकून धावत यायचं, बूट चढवायचे, गाडीत बसायचं. आणि गाडीत चार माणसं झाल्याशिवाय गाडी हलत नाही. दोघं आत शिरले तर दोघं बाहेर पाहिजेत, असा त्यामागचा हिशोब. तीन आले तर तिघं चौथ्याची वाट बघत उभे राहतात. मोठ्या शहरात हे कोणाला कळणारसुद्धा नाही. आमच्या गावात मात्र सगळा प्रश्न त्या चौथ्या माणसाचाच.

हा प्रश्न ज्यांनी स्वतःच्या उरावर घेतला, ते सुधाकरराव निकम. साताऱ्याकडचे. इथल्या लाकडाच्या गिरणीत मेंटेनन्स इंजिनिअर. बेताची उंची, पोट थोडं सुटलेलं, बोलणं कमी आणि तेही हळू. ब्रिगेडमधले गोरे त्यांना ‘सड्स’ म्हणतात, त्याचा त्यांना राग येत नाही. मला येतो. गिरणीत त्यांनी रात्रपाळी मागून घेतली. का, तर गावातली कमावती माणसं दिवसा बाहेरगावी कामाला जातात आणि दिवसा चार जण जमत नाहीत. लोक दिवसपाळी मिळावी म्हणून साहेबाच्या मागे लागतात. आमचे हे उलटे.

त्यांची बायको दमयंती वृद्धाश्रमात नर्स आहे. तिने या ब्रिगेडपायी काय काय सोसलं ते तिलाच माहीत. गणपतीला हॅमिल्टनच्या हॉलवर ती एकटी जाते. सुधाकररावांचं एकच म्हणणं, मी तिकडे आरतीला उभा राहिलो आणि इथे सायरन झाला तर चौथा कोण? मुलीची ऑकलंडला पदवी झाली, तेव्हा हे समारंभाला गेले आणि जेवणाआधी परत निघाले. वडील वारले तेव्हा तर कहर. विमान वेळेत मिळेना म्हणून जाणं झालं नाही, इथेच सुतक पाळलं. त्या दिवसांत दाढी करायची नसते. यांनी रोज सकाळी केली. खुंट वाढले की धुरातला मास्क तोंडावर नीट बसत नाही, आत धूर येतो. दमयंती त्यांच्याशी बोलेना. माझ्याकडे येऊन म्हणाली, माणूस वडिलांसाठी दहा दिवस थांबू शकत नाही, आणि गावासाठी जन्मभर थांबतो. मी तिला चहा करून दिला.

वडील फौजेतले होते. गावाकडे ग्रामपंचायतीने त्यांची घरपट्टी माफ केलेली. रक्कम ती काय असणार, पण सरपंच स्वतः दारात येऊन सांगून गेले होते, आणि म्हातारा ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा. सुधाकररावांच्या डोक्यात ते बसलं. ब्रिगेडमधली माणसं तेव्हा एकेक करून गळत होती. कोणी म्हातारं झालं, कोणाला बायको म्हणाली आता पुरे. नवीन कोणी येत नव्हतं. दिवसा सुधाकरराव धरून उरले जेमतेम चार. ग्रॅहम, सत्तरी ओलांडलेला, गाडी चालवायचा. रोमेल, गाईंच्या फार्मवर दूध काढणारा फिलिपिनो पोरगा. आणि चौथी, हिने नावाची.

हिनेबद्दल सांगायलाच हवं. माओरी बाई, चाळिशीची, शाळेची बस चालवायची. सकाळची फेरी आणि दुपारची फेरी, मधला वेळ मोकळा. म्हातारी आई तिच्याजवळ असायची, वॉकर धरून चालणारी. आईची ब्लड प्रेशरची औषधं न्यायला यायची तेव्हा ‘किया ओरा, नीला’ असा त्यांच्याकडचा नमस्कार करून दुकान दणाणून सोडायची. मास्क लावून धुरात शिरायचं पूर्ण शिक्षण दिवसाच्या माणसांत दोघांनाच होतं, सुधाकररावांना आणि हिनेला. ते दोघं आत, ग्रॅहम आणि रोमेल बाहेर. अशी त्यांची जोडी जमलेली. दमयंती थट्टेत म्हणायची, माझा नवरा माझ्यापेक्षा हिनेच्या खांद्याला जास्त ओळखतो. धुरात एकमेकांचा खांदा सोडायचा नसतो ना, म्हणून.

तर सुधाकरराव कौन्सिलच्या सभेला गेले. इथे घरपट्टीला रेट्स म्हणतात आणि ती कौन्सिल घेते. सुधाकररावांचं मागणं सरळ होतं. जो गावासाठी आगीत शिरतो त्याच्या घराच्या रेट्समध्ये गावाने सूट द्यावी. मग असलेले टिकतील आणि नवीन येतील. आदल्या दिवशी माझ्या काउंटरवर उभं राहून त्यांनी भाषण म्हणून दाखवलं होतं. त्यात वडील होते, सरपंच होते, दारात येऊन सांगणं होतं. मला भरून आलं. दमयंतीने मात्र तेव्हाच विचारलं होतं, “अहो, आणि जे भाड्याने राहतात त्यांचं काय?”

“मालक भाडं कमी करेल की,” ते म्हणाले. “माणूसच आहे तो.”

आता बोला. पण त्यांचीही चूक काय म्हणावी? त्यांच्या गावात फौजी म्हणजे स्वतःच्या घरात राहणारा माणूस. घर साधं असेल, गळकं असेल, पण त्याचं. गावासाठी जीव टाकणारा माणूस आणि त्या गावातल्या घराचा मालक, ही दोन वेगळी माणसं असू शकतात, हे त्यांच्या कल्पनेतच नव्हतं. इथे तर अर्धं गाव भाड्याने राहतं, आणि मालक बसलेत ऑकलंडला.

कौन्सिलमध्ये टाळ्या पडल्या. ठराव झाला. ब्रिगेडच्या माणसाचं जे घर, त्या घराच्या बिलात सूट. बिल मालकाला येतं, त्यामुळे सूटही मालकालाच. हे वाचून कोणाच्या कपाळावर आठी पडली नाही. स्थानिक पेपरात सुधाकररावांचा फोटो आला, हेल्मेट काखेत धरून. दमयंतीने तो फ्रिजला लावला.

आणि मग माणसं आली. नाही असं नाही, भरपूर आली. आमच्या किनाऱ्यावर ऑकलंडवाल्यांच्या बॅच आहेत, बॅच म्हणजे सुट्टीतली घरं. त्यांचे रेट्स दणदणीत. त्या लोकांनी फटाफट नावं नोंदवली. माणसं वाईट नव्हती हो, तेच तर दुःख आहे. शनिवारी नेमाने यायची, पाण्याचे होसपाइप गुंडाळायची, गाडी धुवायची, ‘स्वीट अ‍ॅज, सड्स’, म्हणजे एकदम झकास, म्हणत पाठीवर थाप मारायची. रविवारी संध्याकाळी डोंगर ओलांडून ऑकलंडला. स्टेशनातली रिकामी हुकं नव्या कोटांनी भरली. सुधाकरराव मला रस्त्यापलीकडून हात करून ती हुकं दाखवायचे. इतका खूश माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही.

त्या खुशीतच पुढचं घडलं. आठवड्यात दिवसा सायरन झाला की आमच्या गाडीबरोबर शेजारच्या गावचीही गाडी निघायची, आमची माणसं कमी म्हणून. ब्रिगेडच्या मीटिंगमध्ये एक बॅचवाला म्हणाला, आता आपली संख्या भरलेली आहे, शेजाऱ्यांना उगाच कशाला त्रास? हात वर झाले. सुधाकररावांचाही झाला. आपल्या गावाची गाडी आपल्या माणसांनी चालवावी, यात त्यांना मान वाटला. शेजारची गाडी बंद झाली.

जूनमध्ये रोमेल गेला. फार्मवरची माणसं जूनमध्ये ठिकाणं बदलतात, पण तो राहिलाही असता. त्याच्या खोल्या फार्मच्या, सूट फार्मच्या मालकाला. मला सांगताना तो हसत होता, मी काय गाईंना सांगू माझे रेट्स कमी करा म्हणून? त्याच्या जागी कॅफेत काम करणारी जोडी नावाची पोरगी दिवसा यायला लागली. बिचारी नवी होती, मास्क लावायची परवानगी तिला अजून नव्हती. पण चार होत होते.

मग हिनेच्या घरमालकाने तिला चॉकलेटचा डबा पाठवला. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, कारण ती तो डबा घेऊन आधी माझ्याकडे आली. ऑकलंडहून कुरियरने आलेला, रिबीन बांधलेला. सोबत दोन ओळी, तुझ्यामुळे आमच्या रेट्समध्ये चांगली सूट मिळाली, आभारी आहोत. तिला तोवर यातलं काही माहीतच नव्हतं. तिला वाटत होतं, सूट फक्त ज्यांची घरं आहेत त्यांना, आपल्याला नाही, ठीक आहे. आपल्या नावावर दुसराच कोणी ती खातोय, हे तिला त्या डब्याने कळलं. आणि त्याच महिन्यात भाडं वाढलं होतं.

ती रस्ता ओलांडून स्टेशनात गेली. टेबलावर डबा ठेवला, शेजारी ब्रिगेडचा पेजर ठेवला. सुधाकरराव काही बोलायला गेले तर तिने हात वर करून थांबवलं. आरडाओरडा नाही, शिवी नाही. मला ती बाहेर येताना दिसली, आणि ती माझ्या दुकानाकडे न बघता सरळ निघून गेली.

सुधाकररावांनी काय नाही केलं? कौन्सिलकडे गेले. त्यांनी गोड शब्दांत सांगितलं की बिल घराचं असतं, माणसाचं नसतं, पुढच्या वर्षी विचार करू. मालकाला फोन केला. तोही गोडच, कर्जाचे हप्ते वाढलेत म्हणाला. हिनेच्या दारात तीनदा गेले. तिच्या आईने त्यांना आत बसवून चहा दिला, पण हिने मागच्या अंगणात कपडेच वाळत घालत राहिली. शेवटी ते स्वतःची सूट सोडायला तयार झाले, माझी हिनेच्या भाड्यात वळवा म्हणाले. तसा नियम नव्हता. कोणी वाईट वागलं नाही, कोणी खोटं बोललं नाही, आणि कोणी बोटही हलवलं नाही. मला असल्या सभ्य लोकांची आता चीड येते.

हिवाळा संपत आला होता. मंगळवार, दुपार. सायरन झाला.

सुधाकरराव झोपेतून उठून आले, केस विस्कटलेले. ग्रॅहम आला. जोडी अ‍ॅप्रन न सोडताच धावत आली. शटर वर गेलं, गाडी बाहेर येऊन थांबली. तिघं. मी काचेशी आले. सुधाकरराव पूर्ण गणवेशात रस्त्याच्या मधोमध उभे होते आणि एकदा शाळेकडे, एकदा पुलाकडे बघत होते. हुकांवर सगळे कोट टांगलेले. माझ्यासमोर एक म्हातारे गृहस्थ गुडघ्याच्या मलमाची चौकशी करत होते. मी त्यांना काय उत्तर दिलं, आठवत नाही. कोणीच येत नव्हतं. सायरन एकदा बंद पडला आणि पुन्हा सुरू झाला.

शेवटी सुधाकरराव गाडीत चढले. तिघांनीच निघाले, नियम मोडून. पण तोवर जायचा तो वेळ गेला होता. शेजारच्या गावची गाडी आता त्यांनी मागवली होती, ती डोंगरापलीकडून यायची होती.

घर हिनेचं होतं. दरीच्या रस्त्यावर, गावापासून आत. कुरियरवाल्याने धूर बघून फोन केला होता. पुढचं मला जोडीने सांगितलं, रडत रडत, तुकड्या-तुकड्याने. हॉलमध्ये आग होती, म्हातारी मागच्या खोलीत. मास्कचं शिक्षण असलेला माणूस एकच, सुधाकरराव. ते आत शिरायला निघाले तर ग्रॅहमने त्यांचा पट्टा धरला. एकटा जाणार नाहीस म्हणाला, तू आत पडलास तर तुला काढायला माझ्याकडे कोणी नाही. ग्रॅहमचं बरोबर होतं, नियम सांगतो तेच त्याने केलं. सुधाकरराव थांबले. दाराबाहेर उभं राहून पाणी मारत राहिले. दुसरी गाडी आली, त्यातले दोघे आत शिरले आणि म्हातारीला उचलून बाहेर आले. ती गेलेली होती. ग्रॅहम गाडीच्या पायरीवर बसून रडत होता, आणि तेवढ्यात शाळेची रिकामी बस फाटकाशी येऊन थांबली.

आता काय स्थिती आहे ते सांगून टाकते. ब्रिगेड आहे. सूट आहे. ती काढायचं कोणी नाव काढत नाही, बॅचवाले ओरडतील. दुसऱ्या गावांनी आमच्या कौन्सिलकडे चौकशी केलीय म्हणे, चांगली योजना म्हणून. शेजारची गाडी पुन्हा निघायला लागलीय. तिघांनी गाडी काढल्याबद्दल सुधाकररावांना समज दिली गेली आणि ती त्यांनी मान खाली घालून ऐकली. ब्रिगेड त्यांनी सोडली नाही. दमयंती म्हणते, सोडली असती तर मला बरं वाटलं असतं. घरात ते टीव्ही लावून समोर बसतात, आणि आवाज बंद असतो.

म्हातारीच्या अंत्यविधीला आम्ही तिघं गेलो. मराईवर, म्हणजे त्यांच्या समाजाच्या घरी. नातेवाइकांनी हाक देऊन आत घेतलं, नाकाला नाक लावून भेटले, आम्हाला परकं केलं नाही. शवपेटी उघडी होती आणि हिने तिच्याशेजारी गादीवर बसली होती. सुधाकरराव तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले. ते काही बोलायचं ठरवून आले होते.

पण आधी हिनेच बोलली, अगदी हळू. “सायरन मी ऐकला होता. डेपोत बसमध्ये बसले होते. सवयीने उठलेसुद्धा. मग परत बसले. म्हटलं, ज्यांना सूट मिळते ते जातील.”

दमयंतीने माझा हात घट्ट धरला. मला वाटलं, आता हिने रडेल, किंवा यांना एक थोबाडीत मारेल, आणि दोन्ही चाललं असतं. ती सुधाकररावांकडे बघत राहिली. तिला खरंच उत्तर हवं होतं.

“मी आले असते तर तुम्ही चार झाला असता, हो ना?”

मी मनात म्हणत होते, नाही म्हणा. उशीर झालाच असता म्हणा, आग फार होती म्हणा, जन्मात एकदा तरी खोटं बोला. पण त्या माणसाला ते कधी जमलं नाही.

“हो,” ते म्हणाले.